फळ्यावरचं नाव

डोंबिवलीत दुपारी पाऊण वाजेपर्यंत सकाळच्या शाळा सुटलेल्या असतात आणि आईवडील मात्र परळला, भायखळ्याला, फोर्टात कुठेतरी कामावर असतात. ते सात-साडेसातला परतणार. मधल्या सहा-सात तासांत मुलाला कोण बघणार, हा प्रश्न या गावानं फार पूर्वीपासून आपल्या पद्धतीनं सोडवला आहे. इमारतीतल्या, नाहीतर शेजारच्या गल्लीतल्या एखाद्या काकू मुलं सांभाळतात. २०१७ साली प्रसूती रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. फार चांगलं झालं. पण ती सोय मुळात अगदी लहान मुलांच्या आयांसाठी. दुसरीतलं मूल दप्तर पाठीला लावून लोकलच्या गर्दीत परळपर्यंत कसं जाणार? त्याला शाळेच्या रिक्षातून उतरून दोन पावलांवर असलेलं घरच लागतं.

मंगलकाकूंचं घर तसं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे शहाबादी फरशी घातलेलं अंगण आणि अंगणात पेरूचं झाड. बालवर्गापासून चौथीपर्यंतची अकरा मुलं शाळा सुटली की तिथे यायची. स्वयंपाकाला आणि वरकामाला सुनंदामावशी होत्या. काकूंची शिस्त गावात प्रसिद्ध होती. मूल आलं की बूट रांगेत, दप्तर खुंटीला, गणवेश बदलायचा, हातपाय धुवायचे, पाटावर बसायचं, श्लोक म्हणायचा आणि मग जेवायचं. कोणावर हात उचलायचा नाही, हा नियम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाळला होता आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

आणि भिंतीवर एक फळा होता. फळ्यावर अकरा नावं, एकाखाली एक. नीट वागणाऱ्याच्या नावापुढे पिवळ्या खडूची चांदणी, त्रास देणाऱ्याच्या नावापुढे काळा ठिपका. शनिवारी चांदण्या मोजायच्या आणि सर्वांत जास्त चांदण्या ज्याच्या, त्याला चॉकलेट. आईवडील न्यायला आले की आधी फळ्याकडे बघायचे. काकूंना ते सोयीचं वाटे, कारण फार बोलावं लागत नसे.

२००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींवर बंदी घातली. पहिली गोष्ट कोणालाही ओळखता येते. दुसरी भिंतीवर रंगीत खडूनं लिहिलेली असली तरी चांगल्या माणसांच्याही लक्षात येत नाही.

ईशान जूनमध्ये आला. दुसरीतला, अंगानं किरकोळ, बोलायला कमी. पहिल्या आठवड्यात त्यानं एकाला ढकललं. दुसऱ्या आठवड्यात पत्त्यांचा डाव उधळला. गणपतीपर्यंत त्याच्या नावापुढे चांदणी क्वचित दिसायची आणि दिवाळीनंतर ती ओळ काळीच झाली. आता त्याच्यासाठी कोणाला डोळे उघडे ठेवण्याची गरज उरली नव्हती. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मुलं मान वर न करता म्हणायची, "ईशान." एकदा तो शौचालयात होता आणि पेला खोलीत फुटला, तरी मुलं तेच म्हणाली. बालवर्गातला कबीर तर त्याला "ठिपकेवाला दादा" म्हणायचा. त्यात वाईट बोलण्याचा हेतू नव्हता, त्याला ते नावच वाटत होतं.

नोव्हेंबरात एका दुपारी न्हाणीघरासमोर हातपाय धुवायची रांग लागली होती. तिसरीतली रेवा घाईनं पुढे घुसली, तिचा कोपर ईशानला लागला आणि ईशान तिच्या दंडाला कडकडून चावला. दातांचे व्रण उठले. काकूंनी रेवाला जवळ घेतलं, साबणानं दंड धुतला, गार पाण्याची पट्टी ठेवली, तिच्या आईला लगेच फोन केला. हे सगळं त्यांनी अचूक केलं. चावणाऱ्याची काळजी करणाऱ्या लोकांनी हे आधी ध्यानात ठेवावं की ज्याला लागलंय त्याच्याकडे पहिल्यांदा वळायचं असतं.

संध्याकाळी रेवाचे बाबा आले ते तापूनच. "काकू, एकतर तो इथे राहील, नाहीतर आमची मुलगी. दोन्ही जमणार नाही." आणखी दोघांनी त्यांना दुजोरा दिला. तीन मुलं गेली असती तर सुनंदामावशींचा पगार निघाला नसता. काकूंनी मान डोलावली आणि ईशानच्या आईची वाट बघत बसल्या.

ती साडेसातला आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. काकूंनी दारातच सगळं सांगितलं. चपला घालणारी दोन मुलं आणि त्यांचे पालक तिथेच उभे होते. ईशान आईच्या पर्सचा पट्टा धरून उभा होता. आई ऐकत होती, ऐकता ऐकता तिचं तोंड लाल झालं आणि तिनं भाजीची पिशवी खाली ठेवून सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली.

तो रडला नाही. वाकून त्यानं पिशवीतून घरंगळलेले दोन कांदे उचलले आणि परत पिशवीत टाकले.

काकूंच्या मनात ती थोबाडीत राहिली. त्यांच्या घरात मुलाला मारत नाहीत, हे त्या प्रत्येक नव्या पालकाला सांगत. ते खरंही होतं. पण तो मार दारापर्यंत आला कसा? त्यांच्याच शब्दांनी तो आला होता. दिवसभर उभी राहून आलेल्या बाईला चार लोकांत मान खाली घालायला लावायची, आणि वर तिच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करायची! रात्री त्यांनी रेवाच्या बाबांना फोन केला. "मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. तोवर रेवापासून तो हातभर लांब राहील, मी स्वतः मध्ये बसेन. नंतर तुम्ही म्हणाल तसं." ते नाराजीनंच हो म्हणाले.

पण करायचं काय, हे काकूंना ठाऊक नव्हतं. पहिला धागा सुनंदामावशींनी दिला. दुसऱ्या दिवशी डबे घासता घासता त्या म्हणाल्या, "ताई, या पोराचा शाळेचा डबा बघितलात का कधी? रोज भरलेला येतो. काल तर झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं."

"मग मला बोलला का नाहीत इतके दिवस?"

"तुम्ही मस्तीचं विचारायचात. डब्याचं कोण विचारतं?"

काकूंनी ईशानला बाजूला घेऊन विचारलं. रागावून नाही, आणि "का नाही खाल्लंस?" असंही नाही. "सुट्टीत काय काय करतोस?" असं विचारलं. त्यानं सरळ सांगितलं. सुट्टी लहान. शूला रांग, मग पाण्याला रांग. डबा उघडेपर्यंत घंटा होते. म्हणजे पहाटे सव्वासहाला कपभर दूध घेतलेलं मूल दुपारपर्यंत उपाशी. त्याची रिक्षा सर्वांत आधी, पावणेएकला यायची. शेवटची रिक्षा यायची एक वीसला. काकूंच्या शिस्तीप्रमाणे सगळे आल्याशिवाय पान वाढलं जात नसे. जो सर्वांत आधी यायचा, त्यालाच सर्वांत जास्त ताटकळावं लागे. त्यात दिवसभराच्या रांगांनंतर इथे आणखी एक रांग, न्हाणीघराची.

काकूंकडे तक्रारींची एक जाडजूड वही होती. त्या रात्री त्यांनी ती नव्यानं वाचली. प्रत्येक पानावर कोणी काय केलं ते होतं. कधी केलं, त्याआधी काय चाललं होतं, याचा पत्ताच नव्हता. आठवतील तितक्या नोंदींपुढे त्यांनी वेळ लिहायला घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक प्रसंगाची वेळ आणि त्याच्या आधीची पाच मिनिटं नेमानं टिपू लागल्या. आठवड्याभरात चित्र समोर आलं. ईशानच नाही, सगळ्याच मुलांच्या कुरबुरी दोन वेळांना गोळा होत होत्या. पावणेएक ते दीड, आणि संध्याकाळी साडेसहानंतर. मधे थोड्या विखुरलेल्या होत्या, त्याही बहुतेक खेळ एकदम थांबवून पुस्तकं काढायला लावल्यावरच्या. साडेतीनला, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना, ईशाननं आजवर कोणाला बोटही लावलं नव्हतं.

काकूंनी तरुणपणी बालवाडीचा अभ्यासक्रम केला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं त्यांना परीक्षेपुरती पाठ होती. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई त्यांना तिथे येऊन मिळाल्या, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी ती आळशी आहेत, त्यांना शिक्षणाची आवड नाही, असा शेरा मारला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांना गुरं सोडून येता येत नव्हतं, म्हणून शाळा कुरणात गेली. हे सगळं काकूंनी एकेकाळी दहा गुणांच्या उत्तरात लिहिलं होतं. वही पुढे घेऊन बसल्यावर ते त्यांना पहिल्यांदा स्वतःशी जोडता आलं. आपल्या घरची दुपार काही देवानं आखून दिलेली नव्हती. ती त्यांनीच आखली होती, म्हणून त्यांना बदलताही येणार होती.

त्यांनी दुपार उलटी केली. मूल आलं की आधी अंगणात पेरूखाली बसायचं आणि हातावर पाणी घालून लगेच काहीतरी खायचं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर तूपसाखर लावलेली अर्धी पोळी. बूट, दप्तर, गणवेश सगळं नंतर. त्या दहा मिनिटांत कोणी "शाळेत काय शिकवलं?" विचारायचं नाही. पाच तास गप्प बसून, ओळीत चालून, बाईंच्या डोळ्यांकडे बघत आलेल्या मुलाला आपण दारात पाऊल टाकताच पुन्हा प्रश्नांना उभं करतो, याचा विचार आपण मोठी माणसं करत नाही. न्हाणीघराची रांग बंद झाली. अंगणात एक बादली ठेवली आणि दोघं-दोघं जाऊ लागले. खेळ थांबवायच्या आधी काकू सांगू लागल्या, "आता शेवटचे दोन डाव." आणि दोन म्हणजे दोनच. तिसरा मागितला तरी नाही आणि एकावर थांबवायचंही नाही. शिस्त कमी झाली असं शेजारणीला वाटलं. खरं तर ती आता जास्त काटेकोर होती, कारण ती आता काकूंनाही लागू होती.

ईशानजवळ बसून बसून काकूंना त्याची खूण कळली. राग चढायच्या आधी तो सदऱ्याची कॉलर तोंडात घेऊन चावायचा. कॉलर तोंडात गेली की त्या शेजारी जाऊन बसत आणि हळू आवाजात एवढंच म्हणत, "राग आलाय. चावायचं नाही. चल, झाडाला पाणी घालू." उपदेश त्या वेळी नाही. रागाच्या भरात मुलाला काही ऐकू जात नाही, बोलणारा फक्त आपलं समाधान करून घेतो. बोलायचं ते संध्याकाळी, दूध पिऊन झाल्यावर. आणि "सॉरी म्हण" हे बंद. अकराच्या अकरा मुलं तो शब्द एका सुरात, जिन्याकडे बघत म्हणायला शिकली होती. त्याऐवजी जे बिघडवलं ते आपल्या हातांनी नीट करायचं. डाव उधळला तर पत्ते गोळा करून लावून द्यायचे. रेवाला दुखवलंस, तर तिच्याशी आता कसं वागणार ते तूच ठरव. त्यानं दोन दिवस विचार केला आणि आपली हातपाय धुवायची पाळी तिला दिली. ती तिनं लगेच घेतली.

संध्याकाळ मात्र सोपी नव्हती. ईशानची आई सर्वांत शेवटी यायची. साडेसहापासून दारावरची घंटा वाजे. प्रत्येक वेळी तो उठून दाराशी जाई आणि प्रत्येक वेळी दारात दुसऱ्याची आई. चार-पाच घंटांनंतर तो चपलांचं कपाट लाथाडायचा. काकू म्हणायच्या, "येईलच हं आता." हे त्या मायेनं म्हणत, पण ते खोटं असे आणि त्याला ते खोटं आहे हे समजत असे. एके दिवशी त्यांनी एका पुठ्ठ्यावर स्टेशनं काढली. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. ईशानच्या आईला सांगितलं की ठाणं आलं की फक्त नाव लिहून पाठवा, पुढेही जमेल तसं. एक शर्टाचं बटण घेतलं. निरोप आला की ईशान बटण सरकवायचा. गाडी रखडली की काकू सांगत, "मुंब्र्याला थांबलीय. अजून पंचवीस मिनिटं तरी लागतील." तो तोंड वाकडं करी, पण कपाटाला लाथ बसत नसे. खरी पंचवीस मिनिटं मुलाला पेलतात. न संपणारी पाच पेलत नाहीत. चार दिवसांत इतर मुलांनीही आपापली बटणं आणली आणि पुठ्ठ्यावर गर्दी झाली.

फळा उतरवला त्या दिवशी वेगळंच घडलं. ईशानला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. रडली ती चौथीतली अनन्या, जिची ओळ चांदण्यांनी भरलेली असायची. "मग मी चांगली आहे हे आईला कसं कळणार?" ती हुंदके देत विचारत होती. काकू चपापल्या. काळ्या ठिपक्यांनी एका मुलाचं काय झालं हे त्यांनी पाहिलं होतं, चांदण्यांनी दुसरीचं काय केलं हे पाहिलंच नव्हतं. त्या मुलीला चांगलं वागण्याचा पगार लागू लागला होता आणि पगार थांबताच तिला स्वतःविषयीच खात्री वाटेना. तिला सावरायला ईशानपेक्षा जास्त दिवस लागले. रिकाम्या भिंतीवर काकूंनी आठवड्याची कामं लावली. चटया कोण घालणार, पाणी कोण भरणार, कबीरला बुटाच्या नाड्या कोण बांधून देणार. त्यात चांगलंवाईट नव्हतं, नुसती पाळी होती.

दारातल्या तक्रारीही संपल्या. मुलासमोर फक्त निरोप द्यायचा. सांगण्यासारखं काही असेल तर रात्री नऊनंतर फोनवर, दोघांपुरतं, आणि त्या दिवशी जे बरं घडलं तेही त्याच फोनमध्ये. पहिल्यांदा फोन गेला तेव्हा ईशानच्या आईनं "हॅलो"च्या आधी विचारलं, "काय केलं त्यानं?" काकू म्हणाल्या, "दोन पोळ्या खाल्ल्या आणि कबीरला झोपाळ्यावर बसवलं." पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग तिनं डब्याचं विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोळीभाजीऐवजी दोन घासांत संपतील अशा छोट्या पोळीच्या गुंडाळ्या येऊ लागल्या. डबा अर्धा रिकामा येऊ लागला, कधी पूर्ण.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. शाळेत क्रीडादिनाचा सराव होता त्या दिवशी ईशान पावणेदोनला आला, उन्हानं लाल झालेला. काकू फोनवर होत्या, अंगणातल्या खाण्याची वेळ टळून गेली होती, आणि त्यानं कबीरला इतक्या जोरात ढकललं की त्याचा ओठ फुटला. कबीरच्या घरच्यांनी त्याला दुसरीकडे घातलं. काकूंनी त्यांना अडवलं नाही. आपल्या मुलाचा ओठ फुटल्यावर कोणत्याही आईला दुसऱ्याच्या मुलाची कारणं ऐकवणं बरोबर नव्हे.

महिनाअखेरीस रेवाचे बाबा आले. काकूंनी वही पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली. "म्हणजे चूक त्याची नव्हतीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चावला तोच. चूकच ती, आणि रेवाला दुखलं," काकू म्हणाल्या. "पण मी रोज एका उपाशी मुलाला पाऊण तास ताटकळत ठेवत होते, ते या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं. तेवढं मी आता लिहिते."

ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. मग त्यांनी रेवाला हाक मारली. ती पेरूखाली ईशानशी भांडत होती, पाण्याची पाळी कोणाची यावरून, दोघांचेही आवाज टिपेला पोचलेले. "पाच मिनिटं थांबा ना बाबा," ती तिथूनच ओरडली. ते थांबले.

पुढच्या जूनमध्ये एक नवी आई पहिलीतल्या मुलाला घेऊन आली. दारातच म्हणाली, "काकू, आधीच सांगून ठेवते, हा फार मस्तीखोर आहे. कोणाचं ऐकत नाही." मुलगा खाली मान घालून ऐकत होता. काकूंनी ईशानला बोलावलं आणि याला पेरू दाखव म्हणून दोघांना मागे पाठवलं. मग वही उघडून विचारलं, "उठतो किती वाजता? शाळेत जायच्या आधी काय खातो? डबा संपवतो का?"

आई उत्तरं देत गेली. शेवटी तिला राहवेना. "त्याच्या वागण्याचं काही विचारणार नाही का?"

"ते मी बघेन ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही संध्याकाळी गाडी कुठली पकडता, ते सांगा."